दिनानाथने उलटवलेला तुकडा

दिनानाथ म्हात्रे करंजाड्याचा. बाप मिठागरावर राबला, हा आमच्या पनवेलच्या लॅबमध्ये मायक्रोटोमच्या सुरीवर. रोग्याच्या अंगातून तपासणीला आलेल्या, मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर पसरायचे, हे त्याचं काम. डॉक्टर मी, रिपोर्टवर सही माझी. पण काप नीट नसेल तर माझी सगळी हुशारी पाण्यात. मला घाई असली की हा हमखास आणखी सावकाश चालायचा. मी पुष्कळदा चिडायचे.

२००९ साली जनी नावाच्या एका मासेवालीच्या तोंडात, टाळूवर आलेल्या गाठीचा तुकडा आला. टाळूतही बारीक लाळग्रंथी असतात; त्यांच्या साध्या गाठीत बहुधा दोन जातींच्या पेशी असतात: नळीचं आतलं अस्तर झालेल्या, आणि त्यांना बाहेरून वेढणाऱ्या, स्नायूसारख्या. इथे नुसत्या दुसऱ्याच, दाटीवाटीने. कर्करोग नाकारता येईना. तसं असेल तर टाळूचा अर्धा भाग काढावा लागेल, असं सर्जन म्हणत होते. मग बोलणं नाकातून येणार, आणि जनीचा धंदा तर ओरडून करायचा. मी 'संशयास्पद' असं लिहायला घेतलं.

दिनानाथ दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, सही करू नका. तुकडा मीच चुकीचा बसवलाय. खालची बाजू सुरीखाली आलीच नाय."

त्याने सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. वीस वर्षांत कुणी त्याची चूक काढली नव्हती, आणि ही त्याने आपल्या तोंडाने कबूल केली. तेव्हा मला राग आला. आज त्याचा अभिमान वाटतो. त्याने मेण वितळवलं, भाताच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्याने उलटवला, मेण पुन्हा गोठू दिलं आणि नवे काप काढले. दुसऱ्या दिवशी काचेवर नळ्या होत्या, त्यांच्याभोवती त्या दुसऱ्या पेशी, आणि मध्ये कूर्चेसारखा निळसर भाग. गाठ साधी निघाली. थोड्या कडेसकट तेवढीच काढली.

जनीला भेट, असं मी त्याला सांगितलं. तो नको म्हणाला. आधी चुकलो होतो, हे काय सांगायचं? पण त्यानंतर मासळी तिच्याचकडून घ्यायला लागला. एकदा मीही बरोबर होते. त्याने बोंबील उचलून नाकाशी नेला, तशी ती कडाडली, "वास काय घेतोस? घ्यायचा तं घे, नायतर चल पुढं."

शब्द न शब्द खणखणीत. दिनानाथ मान खाली घालून ऐकत राहिला, जागचा हलेचना.