धोंडीमामांच्या होडीचा पंखा

वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त होतात, गिऱ्हाईक घेऊन जातं, पण किस्से मात्र आपल्याकडंच राहतात. नव्वदच्या दशकात मी शिरूरला आप्पांच्या पंपाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. माझ्याकडं साठलेले निम्मे किस्से एकट्या धोंडीमामांचे आहेत!

इनामगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या फुगवट्यावर मामांची होडी चालायची. हायस्कूल पलीकडं, आणि अलीकडच्या अकरा पोरी रोज होडीनं शाळेत. वल्ह्यांनी उशीर व्हायचा. साडेदहाला गेट बंद! "पोरी येळंवर पोचत नसतील तर घरी बसवू," असं घरच्यांनी बजावलं, तेव्हा मामांनी होडीच्या मागं लटकवायचं एक जुनं इंजिन आणलं.

*

"आप्पा, इंजिन नुसतं बोंबलतंय. होडी हाय तिथंच!"

इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा फारच बारका होता. आप्पा हाडाचे पंपवाले. त्यांनी दौंडच्या भंगारातून चांगला थोरला पंखा आणला. आता इंजिन कण्हायला लागलं आणि बंद पडलं.

"जरा कड उतरवू," आप्पा म्हणाले. पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, आम्ही असाच लेथवर घासून बसवायचो. मी दोन सूत उतरवलं. इंजिन कण्हतंय. अजून दोन सूत. मग आप्पांना चेवच आला!

संध्याकाळी मामांनी तो पंखा तळहातावर घेऊन बघितला. "आप्पा, ह्यो नातवाला खेळाया नेतो."

*

मग पुण्यात होडीची इंजिनं विकणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला. तो शहाणा माणूस. म्हणाला, "नुसता आकार बघू नका. पात्यांचा पीळही बघावा लागतो. होडीचं वजन किती?"

मामांनी रिसीव्हर घेतला. "रिकामी का पोरींसकट?"

"पोरींसकट."

"दप्तरं धरून का सोडून?"

फोन कट!

*

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून त्याच्याकडून दोन पंखे मागवले. पहिला बसवून आप्पा आणि मामा दोघंच होडीत बसले. होडी अशी सुटली की आप्पांची टोपी नदीत गेली! "जमलं!" म्हणून आम्ही भजी खाल्ली.

सोमवारी अकरा पोरी बसल्या. इंजिनानं काळा धूर सोडला आणि गेट बंद झाल्यावर होडी पोचली. पोरी रडत परत आल्या. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. रिकाम्या होडीवर ट्रायल घेतली ही चूक माझीही होती. अजून वाईट वाटतं.

आता ट्रायल भरल्या होडीवर घ्यायची. पण पोरींना पुन्हा उशीर नको. आप्पांनी दुरुस्तीला आलेले अकरा पंप टेम्पोत घातले, एका पोरीमागं एक पंप, आणि सकाळीच होडीत नेऊन मांडले. दुसरा पंखा बसवला. इंजिन बोंबललं नाही, कण्हलंही नाही. होडी आरामात पलीकडं!

इकडं वर्कशॉपमध्ये खुटबावचे एक पाटील पंप न्यायला आले. "माझा पंप कुठाय?"

मी म्हणालो, "शाळेत गेलाय."

*

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर यायचे. पंखा बुंध्याला धडकला की आतली पितळी पिन तुटायची. तिचं कामच ते, ती तुटते म्हणून पंखा वाचतो. पण दुसरी पिन जवळ पाहिजे ना! मामांच्या चंचीत तंबाखू, चुना, सगळं असायचं, पिन तेवढी नसायची.

मी लेथवर बारा पिना केल्या. मामांनी आठवड्यात बाराही हरवल्या. आप्पा भडकले. नव्या अकरा करून घेतल्या आणि एकेक पोरीच्या हातात दिली. "जपून ठिवा गं. मामांकडं अजिबात देऊ नका!"

त्या अकराजणींतली मामांची नात सुरेखा दुसऱ्याच दिवशी पिन बदलायला शिकली. आजोबांपेक्षा बरी बदलायची.

*

हा शेवटचा किस्सा हेडमास्तरांनी स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन सांगितला.

दहावीचा भूमितीचा पेपर. आमच्या चार पोरी परीक्षेला. भरारी पथक आलं. साहेबांनी सुरेखाचं कंपास उघडलं, आत पितळेची पिन. मागचीचं उघडलं, तशीच पिन. चौघींच्याही कंपासात! साहेबांचा आवाज चढला, "ही कसली खूण आहे? चौघींना उठवा!"

हेडमास्तरांना वाटलं, इतकी वर्षं नदी ओलांडून आलेल्या पोरी आता कॉपीत जातात की काय!

सुरेखा उभी राहिली. "पिन हाय सर. होडीच्या पंख्याची."

"पेपरात तिचं काय काम?"

"पेपरात न्हाई, सर. पेपर झाल्यावर घरी जायचंय."