खुळखुळ्याचा मान

लातुरात परमिट रूमला लाउंज म्हणायची टूम निघाली, तेव्हा आमच्या मालकांनीही भिंतींना काळा रंग फासला आणि कॉकटेलचं काउंटर थाटलं. मी गोव्यात हेच काम करून आलो होतो, त्यामुळे काउंटर आपलंच, असं धरून चाललो होतो. पण ते मालकांच्या भाच्यालाही हवं होतं. मोबाइलवर बघून तो शेकर, म्हणजे कॉकटेल हलवायचं झाकणाचं भांडं, हवेत भिरकावायला शिकला होता. तेवढ्यावर गडी तयार झाला, असं घरच्यांचं ठाम मत.

मालकांचे निलंग्याचे एक भागीदार होते, शेवटी निवाडा त्यांच्यावर सोपवला. ते ऊसवाले बागायतदार, आयुष्य क्वार्टर आणि सोड्यावर काढलेलं. आम्ही दोघांनी त्यांना एकेक पेला करून द्यायचा, पसंत पडेल त्याला काउंटर.

मी जिन आणि थोडी व्हर्मूथ, म्हणजे मसाल्याची वाइन, बर्फावर सावकाश ढवळली. पेल्यात नुसती दारूच असेल तर ती शेकरमध्ये घालून हलवायची नसते. बर्फाचा चुरा होतो, हवा शिरते, रंग गढूळ होतो आणि घोट पाणचट लागतो. ढवळली की नितळ राहते, जिभेवरून जड आणि मऊ उतरते. लिंबाचा रस असेल तर मात्र खुशाल जोर लावावा. हे सगळं मी भाच्याला आधी सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याने रम, लिंबू, साखर आणि सोडासुद्धा शेकरमध्ये ओतला. सोडा! आणि ताक घुसळावं तसा खुळखुळवला. झाकण उडालं, निम्मा ऐवज छताला गेला, उरलेल्याचा फेस ग्लासात आला. बघायला जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचीच किळस आली.

भागीदारांनी माझा पेला उजेडात धरला.

"हे पाणी हाय का रं?"

जिन आहे, चाखून बघा, असं मी म्हणालो. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि भाच्याच्या फेसाचा घोट घेतला. तोंड वाकडं झालं. लई आंबट आणि कडक झालंय म्हणाले. माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी माझा पेला उचलून भाच्याच्या ग्लासात रिकामा केला, बोट घालून गरागरा फिरवलं आणि एका दमात संपवला.

"आता कसं बरोबर झालं," ते मालकांना म्हणाले. "काउंटर भाच्यालाच द्या. पोराच्या हाताला चव हाय. फकस्त पाणी जरा जास्त घालत जा म्हणावं."