बाबांनी बाइक हळू घेतली

सिग्नलला तापलेल्या इंजिनाचा वास आला की मी पुन्हा बाबांच्या मागे बसलेली असते. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचं नाहूरचं घर बघून आम्ही दोघं घाटकोपरला परतत होतो. तिथे सगळ्यांसमोर मी ‘हो’ म्हणाले होते.

बाबांनी बाइक इतकी हळू घेतली, की मागचे रिक्षावाले हॉर्न मारून वैतागले.

“बाबा, पळव ना! इंजिन तापतंय.”

“तापू दे. जोरात गेलं की वाऱ्यात तुझं ऐकू येत नाही. आता खरं सांग, मुलगा पसंत आहे?”

त्यांच्या शर्टात तोंड खुपसून मी म्हटलं, “नाही.”

घरात शिरताच ते आईला म्हणाले, “मला नाही आवडलं ते घर.”

आई अजूनही त्यावरून बाबांनाच बोलते. ते गुपचूप ऐकून घेतात.