पूजेत मांडलेला ट्रॅकर

चोर बाहेरचा आहे की घरचा, हा प्रश्न मला अंधेरीच्या एका दुकानदाराने विचारला. उत्तर मला ठाऊक होतं. पण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याच्यामागे राहिलं काय, तर एक सेकंडहँड छोटी गाडी आणि त्याची आई. दोन्ही माझ्या पदरात पडली. कांदिवलीची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली, आम्ही बोरिवलीत भाड्याच्या खोलीत. तिथे भाडेकरूंना पार्किंग नाही. मग नवऱ्याच्या खारदांड्याच्या कोळी मित्राने त्याच्या जाळ्यांच्या शेडमध्ये जागा दिली, आणि आमची गाडी कव्हर घालून जाळी आणि सुक्या बोंबलांच्या सोबतीला जाऊन बसली. दर रविवारी मी जायचे, इंजिन चालू करायचे, चार पावलं पुढे, चार पावलं मागे, आणि परत कव्हर. एक चावी माझ्याकडे. दुसरी सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यात, मुलाच्या घड्याळाशेजारी.

लोकांना वाटायचं, बिचारीने नवऱ्याची आठवण म्हणून गाडी ठेवलीय. वाटू दे. रडायला मला गाडी लागत नव्हती. मी डबे करायचे, अंधेरीच्या ऑफिसांसाठी मालवणी जेवणाचे डबे. रिक्षात ते मांडीवर घेऊन बसायचं, प्रत्येक खड्ड्याला रस्सा साडीवर. रिक्षात मावतील तेवढेच डबे, म्हणजे तेवढंच पोट. गाडी असती तर मला दुप्पट डबे नेता आले असते, आणि कोणासमोर हात पसरायची वेळ आली नसती. ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता, लायसन्सची टेस्ट तेवढी बाकी होती. मला ती गाडी हवी होती, आणि जितकी ती हवी होती तितकी त्या वेळी दुसरी कुठलीच गोष्ट हवी नव्हती, गेलेला नवरासुद्धा.

मोठ्या दिरांना ती तेराव्यालाच हवी होती. ते मुलुंडला राहतात. पानावर बसल्या बसल्या, वडा मोडत, म्हणाले, "गाडीचं काय करायचं मग? पडून सडेल." मी म्हटलं, "मी चालवणार आहे." ते हसले. नुसते नाहीत, शेजारच्या पानावरच्या माणसाला ढोसून हसले. त्यानंतर जेव्हा भेटले तेव्हा हाच विषय. मग एक दिवस कोळी मित्राचा फोन आला, की तुमचे दीर येऊन गेले, कव्हर उचलून बघितलं, दार ओढून बघितलं, चावी कुठे असते ते विचारलं. त्याच आठवड्यात मी ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र, घ्यायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, घरात बसून जीव विटलो, मीपण येतंय.

दुकानदार गाड्यांचं सामान विकणारा, तोंडाने भलता फटकळ. त्याने काचेवर तीन वस्तू मांडल्या आणि तो प्रश्न विचारला. वर म्हणाला, "हसू नका मॅडम, यावरच माल ठरतो. बाहेरचा असेल तर हा वायरवाला घ्या. गाडीच्या बॅटरीला जोडायचा, चोर पळाला की मोबाइलवरून इंजिनच बंद. पण तुमची गाडी उभी असते ना? मग हा बसल्या बसल्या बॅटरी पिणार. एक दिवस बॅटरीची वाट लागणार आणि हा पण मरणार. ही दुसरी, बटणाएवढी. ही आजूबाजूच्या लोकांच्या मोबाइलवर जगते. आणि चोराबरोबर फिरायला लागली की चोराच्याच मोबाइलवर मेसेज टाकते, मी इथे आहे म्हणून. सामान हरवलं तर ठीक, गाडीला काय कामाची?"

"आणि हा?"

"हा घरच्या चोरासाठी. स्वतःची बॅटरी, आत सिम, खाली लोहचुंबक. कुठेही चिकटवा. अधूनमधून काढून चार्ज करा. पण एक अट आहे. कुठे लावला ते घरात कोणाला बोलायचं नाही. बोललात की खेळ खलास."

सासूबाई पदर सावरत पुढे झाल्या. "आमच्यात तसलो कोण नाय हां. चांगली माणसां आसत आमची."

"सगळे हेच बोलतात आजी," तो म्हणाला. मी तिसरा उचलला. सासूबाईंनी जुहूला भेळ खाल्ली आणि घरी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी ती अट पाळायला निघाले होते, पण एका खोलीत राहणाऱ्या दोन बायका एकमेकींपासून काय लपवणार? ट्रॅकर घरी आणायचा, ओट्यावरच्या प्लगला लावायचा, आणि सासूबाई ओट्यासमोरच निजायच्या. एकदा त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, की मागच्या सीटखालच्या पत्र्याला चिकटवते. मोबाइलवरचा ठिपकाही दाखवला. त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "माजो झील थंय निजलो हा गो." त्यांच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा, आणि ते ऐकून माझं काळीज हललं. त्यानंतर रोज दिवेलागणीला त्या ठिपका बघायला मागायच्या. मीही दाखवायचे. ही बाई आपल्या बाजूची आहे, असं मला वाटायला लागलं, आणि ते वाटणं मला महाग पडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी खारदांड्याहून ट्रॅकर चार्जिंगला घरी आणला. बेत असा, की दसऱ्याला दुपारी गाडीला हार घालायला जायचंच आहे, तेव्हा परत चिकटवू. सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर सासूबाईंनी पाटावर हत्यारांची पूजा मांडलेली. विळी, खवणी, माझा झारा, कात्री, नवऱ्याचा पाना, माझ्याकडची गाडीची चावी, आणि सगळ्यांच्या मधोमध ट्रॅकर. त्याला हळदकुंकू, वर गोंड्याचं फूल. मला हसू फुटलं. म्हटलं, आई, तुम्ही झकास मांडलीत पूजा. मी फोटोही काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

मोठे दीर दुपारी आपट्याची पानं घेऊन आले. आईला सोनं दिलं, पाया पडले, मला लांबून दिलं. पाटाकडे बघून म्हणाले, "हे डबीसारखं काय मांडलंयस गं आई?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी सगळं सांगितलं. एरवी चार शब्दांत आटोपणारी बाई. गाडीत लपवता, पाठच्या शिटीखाली, गाडी हलली की हिच्या मोबाइलवर वाजता, आता चार्ज करूक घरी आणलेला. दीर ऐकत होते आणि श्रीखंड चाटत होते. "हुशार झाली की आमची भावजय," म्हणाले आणि लवकर उठले. त्यांना वाटेत आणखी कुठे सोनं द्यायचं होतं म्हणे.

ते गेल्यावर मी ट्रॅकर उचलायला पाटाशी वाकले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "पूजेतला आज हलवूचा नाय. उद्या सकाळी काय ता."

आणि मी ऐकलं! माझ्या माहेरीही तसंच होतं, पूजेतली पुस्तकं दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी उघडायचं नाही, आणि तो नियम मोडला की विद्या जाते असं आम्हाला सांगितलेलं. शिकलीसवरलेली बाई मी, पण दसऱ्याच्या दिवशी पाटावरचं फूल हलवायची माझी हिंमत झाली नाही. चावीही पाटावरच. म्हटलं, एक दिवसाने काय बिघडतंय, हार उद्या घालू. संध्याकाळी मोबाइल बघितला तर ठिपका अगदी जागच्या जागी, आमच्याच घरात, कुंकवात माखून बसलेला.

सकाळी मी हार आणि ट्रॅकर घेऊन खारदांड्याला गेले. शेडमध्ये जाळी होती, बोंबील होते, आणि नीट घडी घातलेलं कव्हर होतं. मित्र होडीवर गेलेला. त्याची बायको म्हणाली, "तुझा जेठ आलता ना काल सांजचा. चावी व्हती त्याच्याकरं. हार पन घातला गाडीला, नारळ फोरला. मी कशाला अडवू?" मग माझ्याकडे बघून तिलाच कसंसं झालं आणि ती चहा टाकायला आत गेली. मी चहासाठी थांबले नाही.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. मी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. घड्याळ होतं.

"दुसरी चावी कुठाय, आई?"

"दिलंय." मान वर न करता. "चोरान नेल्यान नाय, झिलान नेल्यान. एक झील गेलो माजो. ऱ्हवलो हा, तेका नको काय गाडी? तुजा काय, उद्या दुसरा लगीन करतलंस आणि गाडी घेवन जातलंस."

मी म्हटलं, "गाडी नेली, मग तुम्हाला का नाही नेलं? मागची सीट रिकामीच होती की." त्या भाजी निवडत राहिल्या. मला त्यांना रडवायचं होतं, आणि त्या रडल्या नाहीत याचा मला आजही राग येतो.

पोलीस म्हणाले, मॅडम, घरगुती मामला आहे. गाडी नवऱ्याच्या नावावर, वारस आईसुद्धा, आणि आईने मोठ्याला लेखी संमती दिलेली. ती सही कधी केली हे मी विचारलंही नाही. पुढच्याच महिन्यात मी लायसन्सची टेस्ट पास झाले. डबे अजून रिक्षाने जातात.

सासूबाई माझ्याकडेच राहिल्या. दिरांकडे जागा नाही, असं दीर म्हणतात. मग त्या मंगळवारच्या मंगळवारी गणपतीच्या देवळात जायला लागल्या. सकाळी जायच्या ते संध्याकाळी यायच्या, भुकेने कासावीस, वहाणा धुळीने भरलेल्या. आमचं देऊळ कोपऱ्यावर आहे. एका सोमवारी मी ट्रॅकर चार्ज केला आणि त्यांच्या पिशवीच्या तळाशी, अस्तराच्या आत शिवून टाकला.

मंगळवारी मोबाइल वाजला. मी ॲपमधलं नाव बदललेलं नव्हतं. "गाडी हलली आहे." ठिपका बसस्टॉपवर गेला, लिंक रोडने सरकत सरकत मुलुंडला पोचला, आणि दिरांच्या बिल्डिंगपाशी थांबला. दुपारभर तिथेच.

पुढच्या मंगळवारी मी मागोमाग गेले. खाली पार्किंगमध्ये नवं कव्हर घातलेली आमची गाडी होती, आणि तिच्या बाजूला वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई. मांडीवर पिशवी, एक हात बॉनेटवर. वॉचमनने मला गेटवरच हळूच सांगितलं, साहेबांनी सांगितलंय, म्हातारी आली तर वर कोणी नाही म्हणायचं. वरून टीव्हीचा आवाज खालीपर्यंत येत होता. सासूबाईंनाही येत असणार, कानांनी त्या चांगल्या आहेत. मी त्यांना हाक मारली नाही. तशीच परत आले, आणि बसमध्ये मला किती बरं वाटलं ते मी लपवणार नाही.

आता दर सोमवारी मी अस्तर उसवते, चार्ज करते, परत शिवते. मंगळवारी मोबाइल वाजतो आणि मी डबे भरत राहते. संध्याकाळी त्या येतात, पाय चोळतात, "देवळात गर्दी होती गो," म्हणतात. मी "हो का" म्हणते आणि ताट वाढते.

यंदा दसऱ्याला त्यांनी पूजा मांडली. विळी, खवणी, झारा, कात्री, पाना. मधली जागा रिकामी राहिली होती. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "ता यंत्र खंय गेला गो?"

"गाडीपाशीच असतं, आई," मी म्हटलं. "दर मंगळवारी."

त्यांचा घास हातातच राहिला. मी त्यांना आणखी भात वाढला.