वॉल्टरच्या गाडीतला रेडिओ

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वायरमधून करंट जात नसेल तर दिवा लागत नाही, यापलीकडे माझी कशावर श्रद्धा नव्हती. असले चमत्कारिक अनुभव सांगणाऱ्यांना मी हसायचो. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय...

मी अमेरिकेत अल्फारेटाला राहतो. मूळचा शहाद्याचा, घरात पदवी घेतलेला पहिलाच. इथे एमएस करताना वॉल्टर आणि हेलन या म्हाताऱ्या जोडप्याच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. पहिल्या इंटरव्ह्यूला मला वॉल्टरनेच सोडलं होतं — त्याच्या साठच्या दशकातल्या ब्रिटिश टू-सीटरमधून. ते विसरलो नाही, म्हणूनच पुढचं जास्त मनाला लागतं.

वॉल्टर गेल्या वर्षी गेला. यंदा मार्चमध्ये हेलन म्हणाली, "गाडीतला रेडिओ बंद पडलाय. तू बघशील? दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

रेडिओवरचं नाव पुसलेलं. फोरमवरचे जुने फोटो बघून, बटणं मोजून मॉडेल ओळखायला दोन आठवडे गेले. व्हॉल्व्हचा रेडिओ होता — आतल्या काचेच्या नळ्या तापल्यावरच आवाज देणारा. आत फक्त एक वायर सुटली होती. ती जोडली, गराजमधल्या टेबलावर पॉवर दिली... आणि धूर आला. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, मायनस नाही. वॉल्टरने मला हे दोनदा सांगितलं होतं.

रसिका, माझी बायको, दारातून म्हणाली, "काय गोल्ड मेडलिस्ट, प्लस-मायनस चुकलं?" मग माझा चेहरा बघून, "अरे, सांगून टाक तिला. खाणार आहे का ती तुला?"

मी सांगितलं नाही. जळालेलं सगळं काढून रिसायकलिंगला टाकलं आणि त्याच डब्यात नवीन सर्किट बोर्ड बसवला. बाहेरून तोच डायल, तीच बटणं. टेबलावर ऑन करताक्षणी लागायचा.

रविवारी सकाळी गाडीत बसवला, वायरी दहा वेळा तपासून. हेलनने बटण फिरवलं. काहीच नाही. मी परत वायरी बघायला वाकलो.

"थांब ना," ती म्हणाली, "त्याला गरम व्हायला वेळ लागतो."

मग बारीक गुणगुण सुरू झाली आणि आवाज हळूहळू वर आला — जुने व्हॉल्व्ह तापल्यावर येतो तसा. तापलेल्या धुळीचा वासही आला. मी डॅशबोर्डखाली हात घातला. डबा चटका बसेल इतका गरम होता.

"वॉल्टर लावायचा तेव्हा अस्साच लागायचा." तिने डोळे पुसले. "तू ठीक केलास रे."

मी "हो" म्हणालो.

नंतर काहीतरी बहाणा करून दोनदा उघडून पाहिला. आत माझाच बोर्ड. इतकं तापेल असं काहीच नाही. टेबलावर अजूनही झटकन लागतो. गाडीत हेलन बसली की वेळ घेतो.

आता हेलन गाडी माझ्या नावावर करतेय. म्हणाली, "दुसऱ्या कुणी आतलं सगळं काढून फेकलं असतं. तू नाही फेकलंस." शनिवारी कागदांवर सही करायला बोलावलंय.

त्याआधी सांगायचं ठरवलंय. जाळलं, फेकलं, खोटं बोललो — एवढं कबूल करता येईल मला. पण ती विचारेल, "मग इतके दिवस तापत काय होतं?" आणि ते मला आजही माहीत नाही.