बाटलीताईने न केलेली सही

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीताई म्हणत. बावीस वर्षं ती बाटल्या धुवत होती आणि त्यांत डायटम वाढवत होती. डायटम म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. डोळ्यांना दिसत नाही, पण थाट असा की प्रत्येक पेशी स्वतःभोवती काचेचं घर बांधून राहते. पाण्यात विरघळलेली सिलिका हा त्या घराचा माल, आणि पेशीतली काही प्रथिनं हे गवंडी.

प्रयोगशाळेच्या नव्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, हे गवंडी पकडायचे होते. त्यासाठी डायटमांना एक दिवस सिलिकाविना उपाशी ठेवायचं, मग सिलिका द्यायची. बांधकाम सुरू झालं की नवी प्रथिनं दिसणारच. पण तीनदा प्रयोग केला आणि तिन्ही वेळा गवंडी उपाशी पेशींतच कामावर हजर!

म्हणजे बाटल्यांत सिलिका कुठून तरी येत होती. सरांनी गुन्हेगार ठरवला आणि टाइप केलेला कागद बाटलीताईपुढे सरकवला. ‘बाटल्या धुण्यात माझ्याकडून हलगर्जीपणा झाला.’ सही केली की तिची रवानगी गोदामात.

“उद्या मीटिंगच्या आधी द्या,” सर म्हणाले.

घरी नवरा म्हणाला, “कर की सही. गोदामात पंखा तरी आहे.”

“पंख्याखाली बसून खोकी मोजू? माझ्या बाटल्यांत कुणी घाण काढून दाखवावी, नोकरी सोडते!”

“तुला कोण समजावणार,” म्हणत त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं. हा त्याचा नेहमीचा पराभव.

तिला खोट कुठे आहे याचा अंदाज होता. नव्या सरांना जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या कळकट दिसल्या. त्यांनी त्या गोदामात टाकून चकचकीत काचेच्या मागवल्या. आणि काच म्हणजे तरी काय? सिलिकाच, आणि खाऱ्या पाण्यात तापवली की थोडी विरघळणारी.

सकाळी तिने दोन बाटल्यांत सिलिका नसलेलं खारं पाणी भरलं, एक काचेची, एक गोदामातून आणलेली जुनी प्लास्टिकची. दोन्ही वाफेच्या कुकरात नेहमीसारख्या तापवल्या, गार केल्या आणि मीटिंगमध्ये सरळ टेबलावर नेऊन ठेवल्या.

“हे काय?” सर.

“सही आणायला सांगितली होती ना? त्याऐवजी हे आणलंय.”

तिने दोन्हींतलं थोडं थोडं पाणी प्लास्टिकच्या नळ्यांत घेतलं आणि सिलिका तपासायचं रसायन टाकलं. पाण्यात सिलिका असली की ते निळं होतं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. काही मिनिटं सगळे नळ्यांवर वाकून राहिले. प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं. काचेच्या बाटलीतलं निळंशार झालं.

“तुमचे डायटम उपाशी नव्हतेच, सर. बाटली खात होते.”

एक विद्यार्थिनी फिसकन हसली आणि वहीत तोंड खुपसून बसली. सरांचे कान लाल.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं. काचेच्या बाटल्या आल्या त्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, ताई, तुम्ही धुवा, विचार आम्ही करतो.”

सरांनी घसा साफ केला. “बरं, तो कागद फाडून टाका.”

“कशाला फाडायचा? हलगर्जीपणा तर झालाच आहे. फक्त खालचं नाव बदला.”

आता मात्र सगळेच हसले. सर उठले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाले, “त्या प्लास्टिकच्या बाटल्या…”

“गोदामात, मागच्या फळीवर. चला, मोठं खोकं तुम्ही धरा.”