विठाबाईनं निवडलेली कॅसेट

चौक गावाजवळच्या बुद्धवाडीत कमळाकर वंदनेला बसला की त्याचा आवाज हमरस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत जायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. पण सगळी वंदना त्याची तोंडपाठ. तेव्हापासून रिवाजच पडला, की कमळाकरनं पुढं बसून म्हणायचं आणि अख्ख्या वाडीनं मागून म्हणायचं. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा अशा मागून म्हणून म्हणूनच त्रिशरण-पंचशील शिकल्या. त्याची बायको विठाबाई कायम शेवटच्या रांगेत. "घरात मी पुढं असते, म्हणून विहारात मागं," असं ती हसून सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग काय झालं, तर छाती गेली. रसायनीच्या एका कारखान्यात पावडरीच्या खात्यात जन्म काढलेला माणूस. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्यापाशी श्वास असा औषधालाही उरला नाही. खाटेवरून मोरीपर्यंत गेला तरी भिंतीला धरून उभा राहायचा. खोकल्याची उबळ आली की डोळे विस्फारायचे आणि हात विठाबाईचं मनगट शोधायचा. एवढा धट्टाकट्टा गडी, पण पुढचा श्वास येईल की नाही या धास्तीनं पार पोखरला गेला. विहारात आता आबाजी पुढं बसायचा. तिकडून आवाज आला की कमळाकर भिंतीकडं तोंड करायचा.

खोपोलीच्या डॉक्टरनं विठाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "छाती काही परत यायची नाही, बाई. पण ते घाबरतात ना, त्यानं दम आणखी लागतो. मन शांत ठेवायला शिकवा. ध्यानाच्या कॅसेटी मिळतात हल्ली."

विठाबाईनं ते गोळ्यांसारखंच मनावर घेतलं. आबाजीनं विहारातला टेपरेकॉर्डर, जो एरवी जयंतीलाच बाहेर निघायचा, आपणहून आणून दिला. आणि ही बाई खोपोलीतल्याच शिळफाट्याला पोपटच्या कॅसेटच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"ध्यानाची कॅसेट हाय का रं? नव्यानं शिकणाऱ्याला पायजे."

"शिकणार कोण, मावशी? तुम्ही?"

"आमचे मालक. छातीचं दुखणं हाय त्यांना. आधी वाजवून दाव, मग घेते."

पोपट माणूस बरा होता. त्यानं सिनेमाची गाणी बंद केली आणि पहिली कॅसेट लावली. बासरी, पाण्याची खळखळ, आणि मग एक भारदस्त आवाज: खोल श्वास घ्या, रोखून धरा, आणखी रोखा. विठाबाईनं पदर नाकातोंडावर दाबला. कमळाकरला पोचतो तेवढाच श्वास तिला घेऊन बघायचा होता. रात्रंदिवस उशाशी बसून त्याचं माप तिला ठाऊक झालं होतं. थोड्याच वेळात डोळ्यांपुढं अंधारी आली.

"बंद कर, बंद कर! माझा माणूस मरंल ना रं यानं!"

दुसरी हिंदी होती. कुणी बाई गोड गळ्यानं हिमालयाच्या शिखरावर चला म्हणत होती. विठाबाई म्हणाली, "त्यांना मोरीपर्यंत जाववत नाय, आणि ही कुठं घेऊन चाललीय!"

पोपट हसला. मग जरा घुटमळत त्यानं तिसरी काढली. "ही मी कुणाला देत नाही. गिऱ्हाईक परत आणून देतं. मध्येच गप होते. लोकांना वाटतं टेप बिघडली."

कुणा म्हाताऱ्याचा साधा, थोडा घोगरा आवाज. 'बसा. बसवत नसेल तर पडा. श्वास जसा आहे तसा असू द्या.' आणि मग खरंच काही नाही, नुसती खरखर. विठाबाई पदर दाबून उभी. 'आखूड असेल तर आखूड असू द्या.' पुन्हा गप. त्या गप्पपणात तिनं नवऱ्याचा तो तुटका श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि तिला काही झालं नाही. कुणी तिला आणखी मागितलं नाही. भर दुकानात तिच्या डोळ्यांना धार लागली.

"हीच दे," ती म्हणाली.

दुपारी टेप लावला तर कमळाकर भिंतीकडूनच कुरकुरला, "आता यंत्र शिकवणार व्हय मला?" विठाबाईनं ऐकलंच नाही. म्हातारा बोलला: श्वास जसा आहे तसा असू द्या. खरखर सुरू झाली. आणि खाटेवरून आवाज आला, "श्वास… जसा आहे… तसा असू द्या."

विठाबाईला कितीतरी महिन्यांनी हसू फुटलं. "अवो, म्हणायचं नसतंय! गपचिप ऐकायचं असतंय!"

"पुढच्यानं म्हटलं… की मागच्यानं म्हणायचं," कमळाकर म्हणाला. "गप बसलो तर… त्याला काय वाटंल?"

ध्यान म्हणजे मौन, हे शहाण्यानं वाडीला सांगून बघावं! शेजारची मोतीबाई ताक द्यायला आली, उंबऱ्यातच टेकली आणि तीही मागून म्हणू लागली. दुसऱ्या दिवशी आबाजी आला. बघता बघता रोज दुपारी पडवी भरायला लागली, आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागं सगळ्यांचा गजर. कमळाकरनं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. एकदा सगळे गेल्यावर म्हणाला, "जन्मभर पुढं बसलो गं. मागं बसण्यात एवढं सुख हाय, मला कुणी सांगितलंच नाय."

पावसाळ्यात एका दुपारी वाक्य अर्ध्यावर असताना लाइट गेली. म्हाताऱ्याचा आवाज ओढत ओढत विझला. कमळाकरचे डोळे पुन्हा तसेच विस्फारले आणि हात उशाशी बसलेल्या विठाबाईच्या मनगटावर आला. पडवीतले सगळे आबाजीकडं बघायला लागले. आबाजी नुसती टेपची बटणं दाबत राहिला. तेव्हा विहारात कायम शेवटच्या रांगेत बसणारी विठाबाई बोलली. "श्वास जसा आहे तसा असू द्या." वाडीनं मागून म्हटलं. कमळाकरनंही म्हटलं, आणि मनगटावरची पकड सैल झाली. लाइट आली तरी तो म्हणाला, "यंत्र राहू दे. तूच म्हण."

दिवाळीच्या आधी, भात कापणीला आलं तेव्हा, त्याचं खाणं सुटलं. डॉक्टर येऊन मान हलवून गेला होता. दुपारची वेळ, पडवीत नेहमीची माणसं. विठाबाई त्याचा हात हातात घेऊन बसली आणि रोजच्यासारखं म्हणाली.

"श्वास… जसा…" कमळाकर म्हणाला.

"आखूड असेल तर आखूड असू द्या."

"आखूड…"

ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. धास्ती नव्हती तिथं. जिच्यासाठी ती शिळफाट्याला गेली होती ती धास्ती गेली होती. हात तिच्या हातात नुसता पडून होता, कशालाही धरत नव्हता.

"श्वास जसा आहे तसा असू द्या," ती पुन्हा म्हणाली, आणि थांबली. कॅसेटमधला म्हातारा थांबायचा तशी थांबली. त्याहून जास्त थांबली. पडवीत कुणी ब्र काढला नाही, कारण आधी कमळाकरनं म्हणावं म्हणून सगळे वाट बघत होते. मोतीबाईला तेवढा हुंदका आवरला नाही.

विठाबाईनं हात सोडला नाही. मान वळवून पडवीकडं बघितलं.

"पुढच्यानं म्हटलंय," ती म्हणाली. "मागच्यानं म्हणायचं असतंय. म्हणा."

आणि वाडीनं म्हटलं.